लिनक्स लॅपटॉपला यूएसबी वायफाय कोणता घ्यावा? दोन घेतले, दोन्ही ड्रॉवरमध्ये पडलेत

जेकार्ड_अण्णा (नीलमनगर, सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मला एका ओळीत लिहायला जमत नाही. सांभाळून घ्या.

मी टॉवेल-चादरीची डिझाइन काढतो. पूर्वी ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवायचो, त्यावरून पियानो मशीनवर पुठ्ठे पंच व्हायचे आणि ते जेकार्डवर, म्हणजे लूमवर नक्षी विणवणाऱ्या यंत्रावर, माळेसारखे चढायचे. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले. गिंप (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) उघडायचं, एक ठिपका म्हणजे एक धागा धरून चित्र काढायचं, रंग मोजून ठेवायचे, बीएमपी फाइल (चित्राचीच एक जात) करून कारखान्याला पाठवायची. फाइल केवढीशी? पाच-सात एमबी. पण ती जायला तर पाहिजे!

लॅपटॉप भाच्याचा. त्याला पुण्याला नोकरी लागली, त्यानं नवा घेतला आणि "मामा, तुम्हाला कामाला येईल" म्हणून हा मला दिला. विंडोजवर नुसता रडत होता, म्हणून जाता जाता त्यानंच मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. २१.३ आहे. झकास चालतो. मी काही कॉम्प्युटर शिकलेला माणूस नाही, पण आता परत विंडोजवर जा म्हटलं तरी जाणार नाही.

गेल्या मे महिन्यात आतलं वायफाय गेलं. आधी मधेमधे जायचं, मग कायमचंच. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले मदरबोर्डचं काम आहे, साडेचार हजार होतील. अहो, विकायला काढला तर लॅपटॉपचे तेवढे येणार नाहीत. म्हटलं राहू दे, बाहेरून लावू.

पहिला डोंगल गावातच घेतला, ३५० रुपये. खोक्यावर १२०० एमबीपीएस, ड्रायव्हर फ्री, विंडोज, मॅक, लिनक्स, सगळंच लिहिलेलं. लावला तर डेस्कटॉपवर सीडीचं चित्र आलं. उघडलं तर आत विंडोजची सेटअप फाइल. वायफायचा पत्ताच नाही. दुकानदार म्हणाला, "लिनक्सचं आम्हाला काय माहीत नाही ओ."

दुसरा ऑनलाइन मागवला, ८०० चा, बोटाच्या पेराएवढा. तो पण लागेना. मग एक व्हिडिओ बघून टर्मिनलमध्ये चौदा ओळी टाकल्या. काय टाकलं ते देवाला माहीत, पण चालू झाला! तीन आठवडे सुखाचे गेले. एके दिवशी सकाळी अपडेट आलं, मी भाबडेपणानं हो म्हटलं, चालू-बंद केला आणि वायफाय गायब. नेमकं त्याच दिवशी सॅम्पलची फाइल द्यायची होती. लॅपटॉप उचलून वर गेलो, राउटरला वायर लावली, पाठवली, परत खाली. आता रोजच वर-खाली करालोय. सोलापुरात पाणी काही दिवसांआड आणि माझं नेट जिना चढल्यावर, असं झालंय.

जागा अशी आहे: राउटर वरच्या मजल्यावर थोरल्या भावाच्या हॉलमध्ये. मी खाली शेडच्या कोपऱ्यात, प्लायवूडच्या केबिनमध्ये. मधे एक स्लॅब, एक विटांची भिंत, शेजारी आठ लूम, वर पत्रा.

१५०० पर्यंत खर्च करीन. मला वेग नको, सिनेमे बघायचे नाहीत. लावला की चालला पाहिजे आणि अपडेट आलं तरी मेला नाही पाहिजे. कोणत्या कंपनीचा घेऊ? आधीच्या दोघांची नावं लिहीत नाही, इथे कंपनीचं नाव काढलं की भांडणं लागतात.

पेठेतला_पेंग्विन (भवानी पेठ)

अण्णा, प्रश्नच थोडा फिरवून घ्या. कोणत्या कंपनीचा घेऊ असं विचारू नका, आत चिप कोणती आहे ते विचारा. टॉवेलवर लेबल कुणाचंही लागतं, सूत कुठलं ते धुतल्यावर कळतं. तसंच हे. लिनक्सला खोक्यावरच्या नावाशी देणंघेणं नाही, त्याला चिप ओळखता आली की झालं.

वर कंपन्या करतात काय, तर मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात. गाजलेलं उदाहरण टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनचं. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. दोन्ही चांगल्या-वाईट हा मुद्दा नाही, पण जुनी चर्चा वाचून जो मागवतो त्याच्या हातात दुसरीच वस्तू पडते. आवृत्तीचा नंबर डोंगलच्या मागच्या बारीक अक्षरात असतो, विकणारे फोटो पुढूनच काढतात.

आता तुमच्या दोघांबद्दल.

पहिला बहुधा खराब नाहीये, बहुरूपी आहे. स्वस्त डोंगलमध्ये विंडोजचा ड्रायव्हर (वस्तू चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) डोंगलच्याच पोटात भरून देतात. लावला की तो आधी म्हणतो, मी सीडी ड्राइव्ह. विंडोज त्यातून ड्रायव्हर बसवून घेतं, मग डोंगलला इशारा जातो आणि तो सीडीचा वेष उतरवून वायफाय होतो. "ड्रायव्हर फ्री"चा अर्थ एवढाच, की वेगळी सीडी द्यावी लागत नाही! लिनक्सवर तो इशारा यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज देतं. त्याच्या यादीत तुमचा डोंगल नसला तर तो जन्मभर सीडी म्हणूनच बसणार. एकदा सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट करा. कधीकधी तेवढ्यानं वेष उतरतो. पण उतरला तरी पुढे त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असावा लागतो, ते वेगळंच.

दुसऱ्याचं दुखणं निराळं. त्या चौदा ओळींनी तुम्ही ड्रायव्हर घरी शिजवलात. असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बनवला त्यालाच बसतो. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, जुना ड्रायव्हर त्याच्या दारात उभा राहिला. डीकेएमएस नावाची सोय असते, ती दर नव्या कर्नलला ड्रायव्हर आपोआप परत बनवते, पण ड्रायव्हरचा कोड जुना राहिला आणि कर्नल फार पुढे गेला तर तीही हात टेकते. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर सही-शिक्क्याची आणखी एक भानगड. म्हणून माझा नियम साधा: ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहे, तीच घ्यायची. मग अपडेट शंभर येऊ देत.

तीन कामं करा आणि परत लिहा. एक, टर्मिनलमध्ये 'यूनेम -आर' टाका आणि कर्नलचा आकडा सांगा. दोन, एकेक डोंगल लावून 'एलएसयूएसबी' टाका. प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांची जोडी असते, मधे दोन टिंबं. ती जोडी म्हणजे डोंगलचा आधार नंबर. कंपनीचं नाव इथे नको असेल तर मला खाजगीत पाठवा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा मोबाइल घेऊन केबिनमध्ये बसायच्या जागेवर या आणि वायफायच्या यादीत राउटरची कोणती नावं दिसतात ते बघा.

गेमर_जुळे (जुळे सोलापूर)

एवढं कशाला? वायफाय ६ चा घ्या, मीडियाटेक एमटी७९२१एयू चिपवाला. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, काही शिजवायला नको. माझ्याकडे आहे, मख्खन चालतो. आजच्या जमान्यात जुनं कशाला घ्यायचं बे.

पेठेतला_पेंग्विन

चिप उत्तम सांगितलीस. पण तिचा ड्रायव्हर कर्नल ५.१८ मध्ये आला. मिंट २१.३ मूळचा ५.१५ वर येतो. अण्णांनी हौसेनं अडीच-तीन हजार घातले आणि लावल्यावर काहीच झालं नाही, तर ते आपल्या दोघांना शोधत येतील. ड्रॉवरमध्ये तिसऱ्याला जागा करायची नाहीये.

हॉस्टेल_खोली_१२

काका, घरात जुना अँड्रॉइड फोन आहे का? पडद्याला तडा गेलेला पण चालेल. फोन वायफायला जोडा, केबलनं लॅपटॉपला लावा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन मोबाइल डेटाऐवजी वायफायचंच नेट पुढे देतात. मिंटला काहीही बसवावं लागत नाही, वायरचं नेट लागल्यासारखं दिसतं. आम्ही परीक्षेच्या काळात दोन महिने असंच काढले. नवा येईपर्यंत जिना तरी वाचेल.

बाळीवेस_सोल्डर (बाळीवेस)

माझा धंदा लॅपटॉप रिपेअरचा, म्हणून थोडं आतलं सांगतो. वायफाय गेलं की मदरबोर्ड, हे माझ्या तरी गळी उतरत नाही अण्णा. वायफायचं कार्ड वेगळं असतं, बोटभर, एका नाहीतर दोन स्क्रूवर बसलेलं. त्याला दोन बारीक वायरी, काळी आणि पांढरी, त्या स्क्रीनच्या कडेनं वर जातात. तोच अँटेना. बिजागरीपाशी त्या घासून तुटतात नाहीतर टोपणं निसटतात. तुम्ही म्हणताय आधी मधेमधे जायचं. म्हणजे वायरीचा संशय पहिला, कार्डाचा दुसरा.

कार्डच गेलं असलं तरी बदलता येतं, इंटेलचं जुनं कार्ड पाचशे-सातशेत मिळतं आणि लिनक्सवर चालतं. फक्त स्लॉट कुठला ते बघावं लागतं. जुन्यात मिनी पीसीआय एक्सप्रेस, नव्यात एम.२. आणि एएक्स२०१, एएक्स२११ असली कार्डं चुकून घेऊ नका. ती स्लॉटात बसतात पण त्यांचं अर्धं डोकं प्रोसेसरच्या बाजूला असतं, साध्या जुन्या लॅपटॉपात चालत नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस (लॅपटॉप लावला की सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) तर परकं कार्ड बघितलं की चालूच होऊ देत नाही, हे पण आहे.

सुताच्या शेडमधला लॅपटॉप म्हणजे पंख्यात अर्धा टॉवेल निघणार हे नक्की. घेऊन या, उघडून बघायचे पैसे घेत नाही.

जेकार्ड_अण्णा

हॉस्टेलच्या बाळा, जुग जुग जी! बायकोचा जुना फोन कपाटात होता. लावला आणि पहिल्या फटक्यात चालू. आज जिना चढलो नाही, गुडघ्यांतर्फे आभार. पण तो फोन तासाभरात तव्यासारखा तापतो, बॅटरी आधीच फुगायला लागलीय. कायमचं काही ते नको.

पेंग्विनभाऊ, सांगितलं तसं केलं. कर्नल ५.१५ च आहे. दोघांचे आधार नंबर तुम्हाला खाजगीत पाठवले. पहिल्याला इजेक्ट करून बघितलं, सीडी गेली, दोन मिनिटांनी परत सीडीच आली. लई हट्टी.

मोबाइलची गंमत सांगतो. भावाच्या हॉलमध्ये राउटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी. जिन्यात दोन्ही दिसतात. शेडच्या दारात ५जीवालं एका कांडीवर येतं. केबिनमध्ये बसलं की ते यादीतूनच जातं, साधं मात्र दोन कांड्या दाखवतं. लूम चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळी बघितलं, काही फरक नाही. मला वाटत होतं मोटारींनी गडबड होत असेल.

पेठेतला_पेंग्विन

अण्णा, तुम्ही जे केलं ते डोंगल घेण्याआधी कुणीच करत नाही. आता निवड सोपी झाली.

ते ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. वेग जास्त, पण भिंत आणि स्लॅबपुढे लवकर दमतो. साधं नाव म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. वेग कमी, पण आरपार जायची ताकद जास्त. तुमच्या केबिनमध्ये ५ पोचतच नाही. मग १२०० लिहिलेला घ्या नाहीतर १८०० लिहिलेला, तो आकडा दोन्ही पट्ट्यांची बेरीज करून छापलेला असतो आणि त्यातला मोठा वाटा ५ गिगाहर्ट्झचा. जो वाटा तुमच्यापर्यंत येतच नाही त्याचे पैसे का द्यायचे?

आधी जुन्या दोघांचा निकाल. पहिल्याच्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये नाही, वेष उतरला तरी उपयोग नव्हता. सोडा. दुसऱ्याच्या चिपचा ड्रायव्हर आता कर्नलमध्ये आलाय, ६.१४ मध्ये तो आहे. मिंट २२.२ त्याच कर्नलवर येतं. एका पेनड्राइव्हवर २२.२ टाका, त्यावरून लॅपटॉप चालू करा, काही इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं बघायचं. डोंगल लागला तर तो मेलेला नाही, नुसता वेळेआधी विकत घेतलेला. कुठलाही नवा डोंगल आला की तो असा लाइव्ह पेनड्राइव्हवर तपासायची सवय लावा. परत करायची मुदत असते तोवर कळतं.

आता नवा. तुमच्या ५.१५ वर जे नुसतं लावलं की चालतं, त्यातलं सांगतो.

मीडियाटेकची एमटी७६१२यू: दोन्ही पट्टे, कर्नल ४.१९ पासून आत. लिनक्सवाल्यांची लाडकी चिप आहे. अल्फा कंपनीच्या एडब्ल्यूयूएस०३६एसीएम डोंगलमध्ये ती असते. तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. तिचीच धाकटी बहीण एमटी७६१०यू, ती पण ४.१९ पासून, थोडी स्वस्त. केबिनमध्ये ५ गिगाहर्ट्झ येत असता तर मी डोळे झाकून हीच सांगितली असती.

एमटी७६०१यू: अगदी स्वस्त, नखाएवढी, फक्त २.४. ४.२ पासून कर्नलमध्ये. राउटरच्याच खोलीत बसणाऱ्याला पुरते. स्लॅबखाली नको, अँटेनाच केवढा!

आणि एआर९२७१, वर जिचं नाव घेतलं ती अथेरॉसची. फक्त २.४, कागदावर १५० एमबीपीएस, हाताला त्याच्या पाव हिस्सा लागला तरी खूप. गेमरसाहेब नाक मुरडतील, पण ही २०१० पासून कर्नलमध्ये आहे. तिचा ड्रायव्हर तर मोकळा (कोड सगळ्यांना खुला) आहेच, आतला फर्मवेअर, म्हणजे चिपच्या पोटातला प्रोग्रामसुद्धा मोकळा आहे, वायफायच्या दुनियेत असं फार थोड्यांचं असतं. कुठलाही मिंट, लावला की चालला. लांब अँटेनावाले डोंगल या चिपवर अजून मिळतात, सात-आठशेत. मी तुमच्या जागी असतो तर हाच घेतला असता.

मागवताना विकणाऱ्याला आधी लिहून विचारा, चिप एआर९२७१ आहे का, नसली तर परत घेणार का. उत्तर आलं नाही तर दुसरा बघा. आल्यावर एलएसयूएसबीमध्ये शेवटची चार ९२७१ दिसली पाहिजेत.

आणि एक वस्तू विसरू नका, यूएसबीची एक्स्टेन्शन केबल, दोन-तीन मीटरची. डोंगल लॅपटॉपला चिकटवू नका, केबलनं उंच भिंतीवर न्या. शंभर-दीडशे रुपयांच्या त्या केबलनं जेवढा फरक पडतो तेवढा चिप बदलून पडत नाही. यूएसबी २ ची केबल एकूण पाच मीटरच्या पुढे नको.

गेमर_जुळे

२०१० चा डोंगल! म्युझियममध्ये ठेवा.

पेठेतला_पेंग्विन

स्लॅब १९९० च्या आसपासचा असेल, जमून जाईल दोघांचं.

जेकार्ड_अण्णा

मंडळी, सोळा दिवसांनी लिहितोय. माफ करा, मधे लग्नसराईच्या टॉवेलांचं काम होतं.

तीन विकणाऱ्यांना चिप विचारली. एकानं उत्तरच दिलं नाही. दुसरा म्हणाला, "होय सर, बेस्ट क्वालिटी." तिसऱ्यानं डोंगलचं खोकं उघडून आतला फोटो पाठवला, त्याच्याकडून घेतला. ७४० रुपये, वीतभर अँटेना. केबल इथेच घेतली, तीन मीटर, १३० रुपये.

लावला. काहीही केलं नाही. नावांची यादी आली, पासवर्ड टाकला, संपलं. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. चौदा ओळी टाकायची इतकी तयारी करून बसलो होतो की चुकल्याचुकल्यासारखं झालं. एलएसयूएसबीमध्ये शेवटी ९२७१ च आहे.

लॅपटॉपला चिकटवून ठेवला तर स्पीड ६ एमबीपीएस. केबलनं खिडकीच्या वर, लूमच्या उंचीच्या वर, खिळ्याला टांगला तर २३. तोच डोंगल, तीच खोली! पेंग्विनभाऊ, तुमच्या केबलला नमस्कार.

पण पुढे एक भूत निघालं, ते सांगायलाच आलोय. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला नेट मरायला लागलं. सकाळी छान, दुपारी छान, संध्याकाळी मेलं. आधी वाटलं शेजारीपाजारी घरी आले, सगळ्यांचे मोबाइल चालू झाले. मग वाटलं लूम. रविवारी लूम बंद होते तरी मेलं. तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं, साडेसहाला मी बाहेरची हार्ड डिस्क लावून दिवसभराच्या डिझाइनचा बॅकअप घेतो. ती निळ्या पोर्टाला. डोंगलची केबल तिच्याच शेजारच्या पोर्टातून निघते आणि डिस्कच्या अंगावरूनच वर जाते. डिस्क काढली, नेट आलं. लावली, गेलं. चार वेळा करून बघितलं.

पेठेतला_पेंग्विन

अण्णा, हे पकडलंत म्हणजे कमाल केलीत. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. तो चालू असताना जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच पसरतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढला होता. वायरलेस माउस डिस्कजवळ अडखळतो तो यामुळेच. डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टाला लावा, केबलपासून हातभर लांब. काळा पोर्ट (यूएसबी २) रिकामा असेल तर बॅकअप त्यावर घ्या, वेळ लागेल पण गोंगाट नाही.

आणि मधेमधे नेट दोन-चार सेकंद झोपून उठतंय असं वाटलं तर वायफायची वीजबचत बंद करा. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे, त्यात पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं, त्याचा २ करा, लॅपटॉप बंद-चालू करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

जेकार्ड_अण्णा

डिस्क डावीकडे नेली, काळ्या पोर्टाला. आज साडेसहाला बॅकअप आणि व्हिडिओ कॉल दोन्ही एकदम चालू होतं, कारखान्याचे शेठ चादरीच्या काठाचा रंग बदला म्हणत होते. रंग पटला नाही, पण आवाज एकदाही तुटला नाही. वीजबचतीची फाइल पण केली, ती उघडायला पासवर्ड मागते हे सांगायला विसरलात.

मधे दोनदा अपडेट आलं, त्यात एकदा कर्नलचं. हो म्हणताना हात थरथरला, पण चालू केल्यावर वायफाय जागेवर.

दुसरा, पेराएवढा डोंगल २२.२ च्या पेनड्राइव्हवर लागला बरं का, अगदी पहिल्यांदा लावला तसा. केबिनमध्ये त्याला सिग्नल एकच कांडी, म्हणून भावाच्या मुलीला दिला, ती वर राउटरच्या खोलीतच अभ्यास करते. तिच्या लॅपटॉपवर नवंच मिंट टाकायचं चाललंय. पहिला सीडीवाला मात्र नातवानं पेनड्राइव्ह समजून पळवलाय, त्यात कार्टून का भरली जात नाहीत म्हणून माझ्याशी भांडतोय.

बाळीवेसवाल्यांना: रविवारी अकराच्या पुढे लॅपटॉप घेऊन येतो. वायफायसाठी नाही, पंख्यासाठी. परवा उलटा करून आपटला तर निळं सूत पडलं, आणि निळ्या टॉवेलचं काम मी दिवाळीनंतर केलेलंच नाही.